थोरलीची विनंती

पडद्यावर धाकटी एका म्हातारीला भरवत होती.

चमचा हवेत, मान किंचित कललेली, डोळ्यांत पाणी. खाली बाकांवर बसलेल्या मंडळींनी "अरेरे" आणि "किती गोड" असे दोन्ही आवाज एकदम काढले. शेवटच्या बाकावर, दाराजवळ, थोरली बसली होती. तिने कुठलाच आवाज काढला नाही. तिचा उजवा हात मांडीवर ओल्या टॉवेलासारखा पडला होता.

थोरली टेलरच्या दुकानात काजं-बटणं करते. शर्ट मास्तर शिवतो, नाव मास्तरचं होतं. शर्ट अंगावर टिकतो तो थोरलीच्या बटणांमुळे, हे मास्तरही दिवाळं निघाल्यासारखं तोंड करून मान्य करतो. तिचं लग्न जमत आलं होतं तेव्हाच आईला अर्धांगाचा झटका आला. जमत आलेलं ते पुढे कुठे गेलं, कुणी विचारलं नाही. धाकटीचं मात्र वेळेवर झालं. ती नवऱ्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली आणि आई थोरलीला राहिली. उठवायची, पुसायची, कुशीवर वळवायची, भरवायची. यातच कधीतरी थोरलीच्या खांद्यातला स्नायू फाटला.

"बाई, एवढं काय उचलता?" डॉक्टर म्हणाले.

"आईला."

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा धाकटीच्या घरी रंगकाम निघालं. तारीख पुढे गेली. दुसऱ्यांदा मिळाली तेव्हा चर्चचा गट परदेशी सेवेला निघाला.

"ताई, दोनच आठवडे गं. वृद्धाश्रम आहे. तिथल्या आज्यांना कुणी म्हणजे कुणी नाही."

"आणि इथल्या म्हातारीला?"

"तिला तू आहेस ना!" धाकटी मनापासून हसली. "आल्या आल्या मी आईजवळ. देवाशप्पथ."

तारीख परत पुढे गेली. येत्या सोमवारवर. आज चर्चच्या सभेत धाकटीची साक्ष होती, म्हणजे सेवेत देवाचा काय अनुभव आला ते सगळ्यांना सांगायचं होतं, म्हणून तासाभरासाठी शेजारणीला आईजवळ बसवून थोरली हॉलमध्ये आली होती. सोमवारचं पक्कं करायचं आणि निघायचं, एवढंच.

"मी तिथे द्यायला गेले होते," धाकटी माईकवर म्हणाली, "पण आले ती घेऊन." हे तिने दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा टाळ्या कमी पडल्या. "एका आजींनी माझा हात धरला तो सोडेचनात. काहीतरी बोलत होत्या. मला त्यांची भाषा येत नव्हती. पण प्रेमाला भाषा लागते का?"

"पाणी मागत असेल," थोरली पुटपुटली.

बाकावर बाजूला बसलेली बाई फिस्सकन हसली आणि लगेच तिने खोकल्याचं नाटक केलं.

फोटो संपता संपेनात. धाकटी केस विंचरताना, धाकटी पाय धुताना, धाकटी गाणं शिकवताना. म्हाताऱ्या बदलत होत्या, धाकटी तीच. मग तिने छातीवर हात ठेवला.

"मंडळी, देवानं मला पुन्हा हाक मारली आहे. शनिवारी दुसरा गट निघतोय. त्यात एक जागा रिकामी झाली. ती माझी आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवार! म्हणजे तिला हे कळतंय ते असं, दोनशे माणसांबरोबर, शेवटच्या बाकावर.

सभेच्या शेवटी चर्चचे पाळक नेहमी विचारतात तसं त्यांनी विचारलं, "कुणाच्या प्रार्थनेच्या विनंत्या?" कुणी मुलाच्या नोकरीसाठी उठलं, कुणी शुगरसाठी. मग थोरली उठली. तिला उठलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. माना वळल्या.

"सोमवारी माझ्या खांद्याचं ऑपरेशन आहे."

"बरं, बरं. देव हात देईल."

"तो देईल हो, पाळकसाहेब. पण माझा हात दीड महिना गळ्यात असणार. तेवढे दिवस आईचं सगळं धाकटी करणार आहे. तिनं तसा शब्द दिलाय." थोरली थांबली नाही. "तिकडे दोन आठवडे केलं तिनं, आता इकडे करायचंय. म्हणून माझ्यासाठी नको, तिच्यासाठी प्रार्थना करा. बळ मिळू दे तिला. आणि शनिवारच्या जागेसाठी दुसऱ्या कुणाला तरी हाक येऊ दे."

धाकटीच्या हातात माईक, तोंड उघडं. पाळकांनी बायकोकडे पाहिलं. पाळकबाईंनी घरात सासू आणि सासरे, दोघांचंही अंथरुणातलं सगळं काढलं होतं. त्यांनीच पहिल्यांदा म्हटलं, खणखणीत:

"आमेन."

मग सगळे म्हणाले.

जिन्यात धाकटीने तिला गाठलं. "ताई, सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस मला!"

"प्रार्थनाच मागितली. शिवी दिली का?"

"घरी बोलली असतीस!"

"घरी येतेस कधी तू?"

"तुला माझा आनंद बघवत नाही."

"नाही बघवत," थोरली म्हणाली. "खांदा ठणकतो तेव्हा मला कुणाचाच बघवत नाही. तुझा तर मुळीच नाही."

धाकटी रडायला लागली. थोरलीने तिचे डोळे पुसले नाहीत. शेजारणीचा तास संपत आला होता.

सोमवारी सकाळी धाकटी आली. मुकाट्याने. बॅगेच्या कडीला विमानतळाची चिठ्ठी अजून लोंबत होती. थोरलीने तिला उशा दाखवल्या, वाटी दाखवली, पेज किती पातळ हवी ते दाखवलं. धाकटी पलंगाच्या कडेला बसली. आईने एक डोळा उघडून तिला नीट न्याहाळलं आणि ओठ गच्च मिटले.

"आई, मी आलेय बघ. आ कर."

आईने आ केला नाही. दोन चमचे हनुवटीवरून मानेत गेले. तिसऱ्याला कसंबसं तोंड उघडलं. धाकटीचा चेहरा फुलला, मान किंचित कलली, आणि डावा हात आपसूक पर्समधल्या मोबाइलकडे गेला.

थोरली दारात होती, डाव्या खांद्याला पिशवी अडकवून. ती परत आत आली. तिने धाकटीच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि कपाटावर, मागे, भिंतीपर्यंत सरकवून ठेवला.

"दोन्ही हात लागतात," ती म्हणाली आणि निघाली.