आज्जा पेपरात न्हाय

अक्कानं मला कधी मार्क विचारले नाहीत. अभ्यासिकेत सराव परीक्षा, म्हणजे आमची मॉक, देऊन उठलं की दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळे एकमेकांना "किती पडले?" एवढंच विचारायचे. अक्का चप्पल शोधता शोधता म्हणायची, "उताऱ्यात काय होतं ते सांग." सांगायचं ते मराठीत आणि कागद न बघता. मला ते मार्क सांगण्यापेक्षा अवघड जायचं.

ती दुधनीची. घरी कानडी, बाहेर मराठी आणि रागावली की दोन्ही. आमच्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून होस्टेलवर सगळ्याच मुली तिला अक्का म्हणायच्या. मी उजनीच्या पाण्याकाठची, म्हणून तिनं माझं नाव 'धरण' ठेवलं होतं. "ए धरण, जेवलीस का?" असं ती जिन्यातून ओरडायची आणि सगळा मजला हसायचा.

आम्ही दोघी एकाच प्रवेश परीक्षेला बसणार होतो. बाहेरच्या विद्यापीठात एम.ए. करायचं तर त्या परीक्षेत इंग्रजी उतारे वाचून उत्तरं द्यावी लागत. अक्काची ती शेवटची खेप होती. माझी पहिली, पण खरं तर शेवटचीच. यंदा जमलं नाही तर जूनपासून साखर कारखान्याच्या ऑफिसात लागायचं, असं काकांनी तिथं बोलून ठेवलं होतं. नोकरी वाईट नव्हती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे तिला वाईट म्हणायची हिंमतही नव्हती. फक्त मला अजून शिकायचं होतं, आणि हे घरी कसं सांगावं ते कळत नव्हतं.

माझे मार्क एका जागी थांबत नव्हते. एका रविवारी चाळीसपैकी तेहेतीस, पुढच्या रविवारी एकोणीस. अभ्यास तोच, मीही तीच. सारखेच कमी पडले असते तर निदान मनाची तयारी झाली असती. निकाल मोबाईलवर आला की मी तळहातानं स्क्रीन झाकायचे आणि एकेक बोट बाजूला करत बघायचे. वडील फोनवर विचारायचे, "आज पानी वर का खाली?" त्यांना धरणाच्या पातळीची सवय. मी "खाली" म्हटलं की म्हणायचे, "येतंय की वर." त्या 'येतंय'ची मला जास्त भीती वाटायची.

तेहेतीस पडले त्या दिवशी मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मग मी तीच खुर्ची धरली. अक्काच्या ते लक्षात आलं असावं, कारण एका रविवारी ती माझ्याआधी येऊन तिथं बसली होती.

"अक्का, ऊठ की."

"का? खुर्चीला इंग्रजी येतंय व्हय?"

मी रडकुंडीला आले, तरी ती उठली नाही. त्या दिवशी मला एकतीस पडले आणि खुर्चीतल्या अक्काला नेहमीइतकेच. तिचे मार्क वर जायचे नाहीत, खालीही यायचे नाहीत. "माझं बघ, सरळ रेघ," ती म्हणाली. "तुझं खालीवर होतं, म्हंजे वरची जागा तू बघून आलीयस. मी अजून तितं गेलीच न्हाय." हे तिनं हसतच सांगितलं, पण नंतर ती पाणी प्यायला म्हणून गेली ती बराच वेळ आली नाही.

परीक्षा जवळ आली आणि मला पुन्हा एकोणीस पडले. उतारा धरणावरचाच होता, माझ्या हक्काचा. अभ्यासिकेच्या पायरीवर बसून मी तो अक्काला सांगू लागले. धरणात जमिनी गेल्या, लोक कित्येक वर्षं हळहळत राहिले...

"थांब. असं कुटं लिवलंय?"

मी पेपर उघडला. लेखकानं लिहिलं होतं की गाव उठलेले लोक नव्या जागी लवकरच रमले.

"मग ते हळहळायचं तुला कुणी सांगितलं?"

"आज्ज्यानं." धरणात विहीर गेलेला आज्जा शेवटपर्यंत पाण्याकडे बोट दाखवून 'तितं आपली हीर' म्हणायचा.

"आज्जा पेपरात न्हाय, धरण."

"पण अक्का, हा माणूस खोटं लिहितोय."

"लिहू दे की! त्याचं म्हणणं काय, एवढंच विचारलंय तुला. भांडण परीक्षेनंतर कर."

त्या संध्याकाळी तिनं माझे जुने पेपर पसरायला लावले. देवमासे, बर्फ, संग्रहालयं आली होती तिथं मी वर होते. पाणी, ऊस, दुष्काळ आला की खाली. ओळखीचं आलं की मी वाचायचंच सोडून देत होते. ते कळलं म्हणून भीती गेली असं नाही. आता उलट ओळखीचं काही येऊ नये म्हणून जीव घाबरा व्हायचा.

आणि तेच आलं. परीक्षेत उतारा ऊसतोडणीला गाव सोडणाऱ्या कुटुंबांवर होता. लेखकाच्या मते त्या फिरतीत मुलांना मोठं जग दिसतं. आमच्या वर्गातली अर्धी बाकं दिवाळीनंतर रिकामी व्हायची, ती मला समोर दिसत होती. मी उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि लेखक म्हणत होता तेच उत्तर निवडलं.

दुसऱ्याच दिवशी अक्का ट्रंक घेऊन दुधनीला गेली, भावाच्या तुरीच्या अडतीवर बसायला. निकाल लागला तेव्हा मी घरच्यांच्या आधी तिला फोन केला.

"उताऱ्यात काय होतं?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. मागे कुणीतरी कानडीत पोती मोजत होतं.

"पटलं का तुला?"

"न्हाय."

मग ती म्हणाली, "मार्क सांग." पहिल्यांदाच. मी सांगितले. त्यांत माझा प्रवेश होत होता.

"तुझे, अक्का?"

"रेघ." मी नाक ओढलं ते तिला ऐकू गेलं. "ए, अळबेड," ती कानडीत दटावत म्हणाली, "रडायचं न्हाय. जा तितं, आणि आता भांड त्या माणसाशी. आज्ज्यालाबी घेऊन जा."