नाव न घेता लावलेले फोटो

वाचनालयात बसणाऱ्या माणसाकडे पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. मी जवळा बाजारच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, त्यामुळे माझं तर विचारूच नका. दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे एकाने उठून एका थोर माणसाची गोष्ट सांगायची, पण नाव घ्यायचं नाही. ते ऐकणाऱ्यांनी ओळखायचं. ओळखलं तर त्याचा फोटो भिंतीवर लागतो, नाहीतर नाही. खिळा ठोकायचा मान माझा!

*

पहिल्या शनिवारी विज्ञानाच्या मास्तरांनी झाडाखाली बसलेल्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. फळ पडलं, ते खालीच का पडतं असा त्याला प्रश्न पडला. सिद्धेश्वर धरणावर मासे धरणारे नामदेवकाका म्हणाले, "सर, नाव तर वळखलं. पण फळ पडायच्या आधी त्यो तिथं काय करून राहिला व्हता?"

"विचार."

"मंग बराबर हाय. आमीबी जाळं टाकून तेच करतो, पण घरचे आमाला रिकामटेकडे म्हणतात."

*

आरोग्य केंद्रातल्या नर्स कांबळेताईंनी तीन पानं लिहून आणली होती. "एक राजपुत्र होता. त्याने वाटेत एक म्हातारा माणूस पाहिला," एवढंच त्या वाचतात तोच अख्खी खोली उठून उभी राहिली.

"अवो, बसा की. मला वाचू तर द्या," ताई म्हणाल्या.

कुणी बसलं नाही. तिन्ही पानं लोकांनी उभ्यानेच ऐकली. मला आमच्या लोकांचा अभिमान वाटतो तो असा.

*

नव्याने बदलून आलेल्या बँकेच्या साहेबांनी एक उद्योगपती निवडला. "एका खोलीत धंदा सुरू केला. मालक असून कामगारांच्या आधी कधी जेवला नाही."

"कनेरगाव नाक्याचा ढाबेवाला!" सगळे एकदम म्हणाले.

"अहो, यांचे देशभर कारखाने आहेत."

"असतील. पण कामगाराच्या आधी न जेवणारा आमी त्योच पाह्यला."

शेवटी कुणीतरी उद्योगपतीलाही ओळखलं आणि दोघांचेही फोटो लागले. ढाबेवाल्याचा आधी लागला, कारण तो लगेच मिळाला.

*

हिंगोलीचे एक प्राध्यापक तर आम्हाला हरवायलाच आले होते. त्यांनी परदेशी कादंबरीकार निवडला आणि देशसुद्धा सांगितला नाही. पिठाची गिरणी चालवणाऱ्या शेखचाचांनी दोन मिनिटांत नाव सांगितलं. प्राध्यापक उडालेच. एवढं वाचलंत कधी, असं त्यांनी विचारलं.

"दळण व्हईपर्यंत बसून करायचं काय साहेब?"

आमच्या निम्म्या पुस्तकांतून पीठ गळतं. मी चाचांना कधी बोललो नाही.

*

शेषराव राठोड हा तांड्यावरचा शेतकरी. चार वर्षं नुसता ऐकायला येत होता. एका शनिवारी तो पिशवीत आईचा फ्रेम केलेला फोटो घेऊन आला आणि माझ्या कानात म्हणाला, "आज याडीचं सांगतो. खिळा तयार ठेवा." मला काळजी वाटली. घरच्यांनी ओळखलेलं आमच्याकडे चालत नाही, आणि आई जाऊन बारा वर्षं झालेली.

शेषराव उभा राहिला. "ही शास्त्रज्ञ शाळेत गेली न्हाई. दरसाल पेरणीच्या आधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची अन् चौथ्या दिवशी कोंब मोजायची. एका साली सोयाबीनचे तीसच उगवले. तिनं घरोघर जाऊन सांगितलं, हे बियाणं पेरू नका. लोक हसले, पण आयकलं. आजूबाजूच्या गावांनी दुबार पेरणी केली. तिच्या गावाला करावी लागली न्हाई."

खोलीत नावं सुरू झाली. कुणी परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञ बाईंचं घेतलं, कुणी परदेशातल्या. शेषराव मान हलवत राहिला. मग नावं संपली, आणि त्याने पिशवी उचलली. मला फार वाईट वाटलं. नियम मोडावा असंही मनात आलं.

तेवढ्यात आमचे अध्यक्ष कदमकाका खुर्चीवरून उठले. गावातलं बी-बियाण्यांचं सगळ्यात जुनं दुकान त्यांचं.

"मी वळखलं," ते म्हणाले. "सोनाबाई राठोड. ते बियाणं माह्याच दुकानातलं व्हतं."