पंकजने खिशात टाकलेली चिठ्ठी

पंकजला खोटं बोलता येत नाही. आईने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट, पण संध्याकाळपासून मला तिचीच धास्ती बसली आहे. उद्या तहसील कचेरीत कुणी विचारलं, "गुरुजी, चिठ्ठ्यांमध्ये गडबड कशी करतात, तुम्हाला माहीत होतं का?" तर हा सरळ सांगेल, "हो, पाच प्रकार माहीत आहेत. त्यांतले चार चालत नाहीत."

माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय चौतीस. सावेडीतल्या आमच्या घरून स्कूटरवर निघतो, केडगाव ओलांडून शाळेत जातो, चौथीच्या मुलांना भागाकार शिकवतो आणि घरी येऊन आमदारांना गोत्यात आणतो. तीन वर्षं तो एक राजकीय रहस्यकादंबरी लिहितो आहे. तीही नव्या कागदावर नाही. प्रत्येक निवडणुकीत दारात पडलेली प्रचारपत्रकं तो जपून ठेवतो आणि त्यांच्या कोऱ्या बाजूला लिहितो.

"पुढच्या बाजूला आश्वासनं, मागच्या बाजूला कारस्थान," तो म्हणतो. "वेगळा कागद आणायची गरजच काय?"

हा गठ्ठा कपाटात सुनेच्या कप्प्यात असतो. निकिता परवा म्हणाली, "आई, माझ्या पैठणीवर अकरा उमेदवार हात जोडून बसलेत. मी नेसू कधी?"

लग्नाला नेलं तर हा नवरा-नवरीकडे बघत नाही. मंडपात मागे, स्पीकरजवळ बसतो. माईकवर कुणाचं स्वागत आधी झालं, कुणाचं नाव राहिलं, कोण रुसून न जेवता गेला, याची टिपणं काढतो. एकदा हाताशी कागद नव्हता म्हणून आहेराच्या पाकिटावरच लिहिलं आणि पाकीट तसंच वधूपित्याच्या हातात दिलं. त्यावर होतं, "सभापती इतका का हसतो? विष जेवणात की पानात?" पुढे चार महिने ते गृहस्थ आमच्याकडे आले नाहीत.

कादंबरी आहे सरपंचपदाच्या निवडणुकीची. दोन उमेदवारांना सारखीच मतं पडतात. अशा वेळी दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या बरणीत टाकतात आणि एखाद्या लहान मुलाला एक उचलायला लावतात. निघेल तो सरपंच. तिला ईश्वर चिठ्ठी म्हणतात. पंकजच्या खलनायकाला ही चिठ्ठी आपल्या बाजूने काढायची होती. ती कशी काढणार, इथे कादंबरी आठ महिने अडकून बसली.

त्या आठ महिन्यांत आमच्या घरात रोज निवडणूक झाली. रुमालाने माझे डोळे बांधून मला बसवायचं आणि बरणी पुढे करायची. एक चिठ्ठी फ्रीजमध्ये थंड करून झाली. एक जाड कागदाची झाली. एकीला अत्तर लावून पाहिलं. एक तिरकी दुमडून पाहिली. पण मला सर्दी होती, बोटंही म्हातारी, मी कधी हा सरपंच केला, कधी तो.

"आई, जरा पाच वर्षांच्या मुलीसारखा विचार कर ना," पंकज वैतागून म्हणाला.

"पाच वर्षांची असते तर केव्हाच उठून खेळायला गेले असते," मी म्हटलं.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या भागूबाई हे सगळं बघत होत्या. शेवटी त्यांनी हात पुसले. "गुरुजी, येक इचारू का? राग न्हाई ना येनार?"

"विचारा की."

"त्या बर्फात ठिवायच्या, वास लावायच्या, कशाला येवढा कुटाना? दोन्हीवर त्याचंच नाव लिव्हा की. पोरीनं कुनची बी काढू द्या. दुसरी कोन उघडून बघतंय?"

पंकज उभाच राहिला. मग त्याने भागूबाईंच्या पाया पडायला वाकताना त्यांची घागर सांडली. त्या रात्री सतरावं प्रकरण पूर्ण झालं. त्यात कचेरीतला शिपाई, म्हणजे कादंबरीचा नायक, गर्दी गुलाल उधळत असताना बरणीतली दुसरी चिठ्ठी गुपचूप खिशात टाकतो आणि कारस्थान उघडं पाडतो.

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढची चूक माझी.

पारनेर तालुक्यात माझं माहेर. तिथला रामहरी माझा चुलतभाऊ, एकाच अंगणात आम्ही वाढलो. भाऊबीजेला तो आला तेव्हा मी फुशारकीने त्याला सगळी युक्ती सांगितली. तो करंजी हातात धरून पोट धरधरून हसला. "आक्का, तुजा पोरगा लई बेरकी निघाला की! गुरुजी न्हाई, ह्यो तर पुढारीच व्हायला पायजे हुता."

नंतर रामहरी स्वतःच सरपंचपदाला उभा राहिला. आणि पंकजला त्याच तालुक्याच्या मतमोजणीची ड्यूटी लागली. नेमणूक करताना माणसाचं स्वतःचं गाव बघतात, आईचं माहेर कोण बघतं? त्याचं टेबल दुसऱ्याच गावाचं होतं. पण रामहरी आणि समोरचा उमेदवार, दोघांना चारशे बारा मतं पडली. चिठ्ठी काढायची ठरली तेव्हा मोजणीच्या साहेबांनी विचारलं, "अक्षर कुणाचं चांगलं आहे?" सगळ्यांनी पंकजकडे बोट दाखवलं. उमेदवार आपले मामा लागतात हे त्याने सांगितलं नाही. का, तर कुणी विचारलं नाही.

त्याने दोन चिठ्ठ्या लिहिल्या. साहेबांनी त्या वर धरून सगळ्यांना दाखवल्या. सगळ्यांनी पाहिल्या, फक्त रामहरीने नाही, कारण तो डोळे मिटून ग्रामदैवताला नवस बोलत होता. एका चिमुरडीने चिठ्ठी काढली. समोरच्याचं नाव निघालं. गुलाल उडाला. रामहरीने डोळे उघडले तेव्हा त्याला एवढंच दिसलं, की त्याचा भाचा बरणीत हात घालतो आहे आणि दुसरी चिठ्ठी शर्टाच्या खिशात टाकतो आहे.

आज संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आक्का, तूच सांगितलं हुतंस ना, दोन्हीवर येकच नाव?"

"अरे, ती गोष्टीतली गंमत!"

"गोष्टीपायी भाच्यानं मामाला पाडलं व्हय? गाव हसतंय मला. उद्या अकराला कचेरीत अर्ज देनार हाय मी. नोकरी गेली त्याची तर मला बोलू नगंस." आणि फोन बंद.

मी पंकजच्या खोलीत गेले. "तू ती चिठ्ठी का उचललीस?"

"घडी बघायची होती," तो म्हणाला. "माझा शिपाई ती चिमटीत कशी धरेल, ते नीट जमत नव्हतं."

"आणि कुठे आहे ती?"

त्याने सतराव्या प्रकरणाला टाचणीने लावलेली चिठ्ठी दाखवली. उघडताना मला वाटलं, आत समोरच्याचंच नाव निघालं तर? आईने हे लिहू नये, पण वाटलं. आत त्याच्या गोल अक्षरात रामहरीचंच नाव होतं, वडिलांच्या नावासकट. मी खाटेवर बसले.

"मग दाखव की त्यांना!"

"ही घरी जाऊन लिहिली असं म्हणतील. माझा खलनायक तेच म्हणतो, एकोणिसाव्या प्रकरणात."

"तुझा खलनायक खड्ड्यात गेला! हा गठ्ठा तरी आजच्या आज इथून हलव."

दारातून निकिता म्हणाली, "आई, आता लपवला तर खरंच काहीतरी केलंय असं वाटेल."

"मी लपवणारच नाही," पंकज म्हणाला. "विचारलं तर सगळं सांगेन. पाचही प्रकार." आणि चष्मा पुसून पुन्हा लिहायला बसला. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. म्हणजे भीती त्यालाही वाटते आहे, फक्त तिच्यावर काही करायचं त्याला सुचत नाही. खोटी माणसं शेकड्याने तयार करतो, पण त्यांच्याकडून एक थाप उसनी घेणं त्याला जमत नाही.

रामहरीचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. मीच त्याच्या डोक्यात ती युक्ती भरवली. मी गप्प बसले असते, तर त्याला वाटलं असतं भाच्याने मामाची आठवण म्हणून चिठ्ठी ठेवली. एका मताचाही फरक नसताना हरणं सोपं नसतं. माणसाला कुणीतरी दोषी लागतोच, आणि मी त्याला आयता दिला.

पहाटे पाचला तो गाईंच्या धारा काढायला उठतो. बादली हातात घ्यायच्या आत मी फोन करणार आहे. पंकजने करू नको म्हटलं आहे, तरी करणार आहे. म्हणेन, रामहरी, अर्ज द्यायचा तर दे, तो तुझा हक्क आहे. पण त्या वेळी कोणकोण डोळे उघडे ठेवून उभं होतं, त्यांना आधी विचार. तुझ्या पॅनेलचे चौघं तिथेच होते. आणि मग अकराच्या आधी सावेडीला ये. मी पोहे करून ठेवते. तुझ्या भाच्याने काय लिहिलंय ते मी स्वतः तुला पहिल्या पानापासून वाचून दाखवते. शिव्या द्यायच्या तर मला दे, भाऊबीजेला तोंड मी उघडलं होतं.

तो फोन उचलणार नाही कदाचित. मग मी पुन्हा करीन.