सव्वीस मुलं, एकच वडील

चौथीच्या सव्वीस मुलांकडून मी ‘माझे वडील’ हा निबंध पाठ करून घेतला, आणि तो निबंध माझ्या वडिलांवर लिहिलेला होता.

माझे वडील खामगावला कचेरीत कारकून. माझी शाळा उंद्रीच्या पुढच्या एका खेड्यात. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती, मला मास्तर होऊन आठ महिने. तपासणीला साहेब आले. त्यांचा हुद्दा काहीही असो, गाव त्यांना दिपोटीच, म्हणजे डेप्युटी, म्हणे. त्यांनी नेमका हाच विषय दिला. मी मनात म्हटलं, जिंकलो. सव्वीस पाट्या भराभर भरल्या. सगळ्यांचे वडील चष्मा लावत होते, दहाला कचेरीत जात होते आणि संध्याकाळी वर्तमानपत्र वाचत होते.

साहेबांनी विचारलं, या गावात कचेरी कुठं आहे. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी पहिल्या रांगेतल्या गजाननला उभं केलं आणि वडील काय करतात ते विचारलं.

“पाटीवरचे का घरचे?” गजानन म्हणाला.

साहेब हसले नाहीत. पाटीवरचे वडील कोणाचे आणि कुठले, हे त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. मी टेम्पररी होतो. कायम व्हायला त्यांची शिफारस लागायची. महिन्यानं परत येतो म्हणाले. मुलांनी स्वतःच्या मनानं लिहिलं तर शिफारस, नाहीतर तुम्ही खामगावला, वडिलांकडे.

दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, मनानं लिहा. बहुतेकांनी ‘माझे वडील शेतकरी आहेत’ एवढं लिहून पेन्सिल खाली ठेवली. सुमन नावाच्या मुलीनं मात्र पाटी दोन्ही बाजूंनी भरली: वडील, त्यांचा खोकला, बैल, बैलाचं दुखणं, मामाचं लग्न, सगळं एकाच वाक्यात. मग मी फळ्यावर मुद्दे लिहून दिले. मुलांनी ते मुद्दे उतरवून घेतले, नंबरासकट.

असे बारा दिवस गेले. शेवटी वैतागून ठरवलं की आधी एक चित्र काढायचं, काय लिहायचं ते त्यात भरायचं, मगच लिहायला बसायचं. चित्र मुलांच्या ओळखीचं हवं, म्हणून फळ्यावर तिफण काढली. तिफण म्हणजे पेरणीचं अवजार. वर चाडं, म्हणजे लाकडी वाटी. तिच्यात बी सोडलं की ते नळ्यांतून खाली वेगवेगळ्या तासांत, म्हणजे मातीतल्या ओळींत, पडतं. मी तिफण आयुष्यात फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेली. मी तिला चार नळ्या काढल्या.

आठ महिन्यांत वर्ग पहिल्यांदा खदखदून हसला. सुमन उठली, माझ्या हातातला खडू घेतला आणि फडकं नव्हतं म्हणून तळहातानंच एक नळी पुसली.

“गुरुजी, तिफणीले तीनच नळ्या राह्यतात. म्हणून त तिले तिफण म्हणतात.”

मग कोणी थांबेना. बैल कुठं जुंपायचे तेही मी चुकवलं होतं, ते एकानं येऊन दुरुस्त केलं. मी विचारलं, चाड्यात मूठभर बी एकदम टाकलं तर?

“नळी तुंबते,” सुमन म्हणाली. “दाना दाना सोडा लागते. माही माय चाड्यावर राह्यते, मले मालूम हाय.”

तिथंच माझं काम झालं. चाड्यात विषय लिहायचा. प्रत्येक नळीपाशी एकच गोष्ट: दिसतात कसे, काम काय करतात, रागावतात केव्हा. नळीखालच्या तासात त्या गोष्टीची चार वाक्यं. एक तास म्हणजे एक परिच्छेद. सुमनला मामाचं लग्न काही सोडवेना, तेव्हा गजाननने तोड काढली. तिफणीमागं दोरीनं बांधलेली एक सुटी नळी असते, तिला सरतं म्हणतात. मधल्या पिकाचं बी तिच्यातून पेरतात. मामा सरत्यात गेला.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. विषय दिला ‘माझी आई’, जो मी वर्गात घेतलाच नव्हता. सव्वीस मुलांनी सव्वीस तिफणी काढल्या. साहेबांचा चेहरा पडला.

“मास्तर, पुन्हा पाठांतर?”

मी म्हटलं, खालचं वाचा. ते वाचू लागले. एकीची आई भाकरी थापताना सासूची नक्कल करत होती. गजाननची आई वडिलांना भीत नव्हती, बेडकाला भीत होती. सुमनच्या तिसऱ्या तासात होतं: ‘आई पेरते तेव्हा बोलत नाही. बोलली तर मूठ चुकते. म्हणून वडील भांडण पेरणीच्या वेळीच काढतात.’ साहेबांनी सव्वीसही पाट्या वाचल्या. चहा निवून गेला. शिफारस त्यांनी तिथंच टेबलावर लिहिली. मी कायम झालो.

निघताना त्यांनी ही पद्धत इतर शाळांसाठी एका पानात लिहून मागितली. मी दोन रविवार खर्चून नऊ पानं लिहिली. लिहायला शिकवणं आणि लिहिता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला तेव्हा कळलं. ती पानं आमच्या हेडमास्तरांपुढे ठेवली. त्यांनी तीन वाचली आणि उरलेली न उलटताच परत दिली.

“काय म्हणायचं हाय तुम्हाले, तेच समजून नाही राह्यलं मास्तर. सुमनकडून लिहून घ्या.”