रंभाबाईनं परत केलेली ओटी

हुडकेश्वरच्या रंभाबाईच्या तोंडून ‘हो’ काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. कोणी नुसतं म्हणावं, आज ऊन फार आहे बाई, तर ही म्हणायची, “मंग काय चांदनं पायजे काय तुले?” नाल्याकाठच्या तुकड्यात ती पालक, वांगी आणि सांभार काढायची. सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. टोपली डोक्यावर घेऊन ती सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात जाऊन बसे. एखाद्या गिऱ्हाईक बाईनं वांगी न पाहताच पिशवीत भरली, तर हीच उलटी तिच्यावर डाफरायची. “पाहून घे न वं! किडकं निघालं का मंग मायाच नावानं बोंबलशीन.” घासाघीस करणाऱ्या बायका तिला आवडत. मुकाट्यानं पैसे टाकून जाणाऱ्यांबद्दल मात्र तिचं मत काही बरं नव्हतं.

हुडकेश्वर तेव्हा गावच होतं. नागपूर जवळ असलं तरी अजून दारात आलं नव्हतं. गावात रंभाबाईला मान होता तो तिच्या जिभेपायी. आणीबाणीत नसबंदीचं पथक घरोघर फिरत होतं. भले भले गडी मागच्या दारानं पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, पळाले. ही दारात उभी राहिली आणि तिनं साहेबाला चारचौघांत विचारलं, “तुमची झाली काय जी?” गाव हसलं, साहेबाचं तोंड एवढंसं झालं आणि पथक निघून गेलं. गावाला ही गोष्ट सांगायला फार आवडे.

पुढची गोष्ट मात्र कोणी सांगत नसे. त्याच पथकातल्या माणसांनी तिचा थोरला, रुपराव, बाजाराच्या वाटेवर गाठला. पुढच्या गावात हैजा पसरलाय, सुई टोचून घे आणि जा, असं त्याला सांगितलं. पोरगा भोळा, गाडीत बसला. संध्याकाळी परत आला तो टाके घेऊन. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं, घरात पाळणा हलला नव्हता. बायको सणाला माहेरी गेली ती परत आली नाही. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता आणि रंभाबाईनं तो कधी दिलाही नाही. तेव्हापासून रुपराव चार माणसांत बसेना. शेतातून गोठ्यात आणि गोठ्यातून शेतात, एवढंच त्याचं जग उरलं.

घराचा सारा जीव मग धाकट्याच्या बायकोवर, प्रेमिलावर आला. तिला पोरगा झाला, गोरागोमटा. आठव्या दिवशी त्याची दातखीळ बसली. स्तन तोंडात धरता येईना, अंग धनुष्यासारखं वाकायला लागलं आणि दिवस मावळायच्या आत लेकरू गेलं. म्हाताऱ्या म्हणाल्या, सटवाईनं नेलं. सटवाईशी कोण भांडणार? रंभाबाईसुद्धा गप्प बसली.

सरकार बदललं, आणीबाणी गेली, प्रेमिलाला पुन्हा दिवस गेले. सातवा महिना लागला तेव्हा गावाच्या शाळेपाशी जीप येऊन उभी राहिली. या वेळी डॉक्टर होते वैरागडे, नवीन बदलून आलेले. त्यांच्यासोबत नर्स पुष्पलताबाई. गर्भार बायकांना धनुर्वाताची लस द्यायची होती. बायका सुईला भितात हे डॉक्टरांच्या कानावर होतंच. त्यांनी डोकं चालवलं आणि शाळेच्या ओसरीत हळदीकुंकू ठेवलं. येईल तिची खणानारळानं ओटी भरायची आणि मग दंडात सुई द्यायची. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला वाटतं आपल्याला सगळं रान दिसतं. गावची रीत जाणणारा डॉक्टर म्हणून स्वतःवर खूश होते बिचारे.

त्यांना हे कुठं ठाऊक की आणीबाणीतल्या शिबिरात बायकांची कूस बंद केल्यावर त्यांना अशीच खणानारळानं ओटी भरून घरी धाडलं होतं!

टेबलावर मांडलेले खण पाहिले आणि शेजारची कौशल्या ओरडली, “अवो बाप्पा, तेच खन न तोच नारळ! उठा वं पोट्टीहो, कूस बंद करून राह्यले हे!” हां हां म्हणता ओसरी रिकामी झाली. राहिली ती एकटी प्रेमिला, कारण पुष्पलताबाईंनी तिच्या पदरात खण-नारळ घातला होता आणि ओटीतून उठावं कसं हे तिला समजत नव्हतं.

रंभाबाई पुढं आली. सुनेच्या पदरातला नारळ उचलला, खण उचलला आणि दोन्ही टेबलावर ठेवून दिलं. पळणाऱ्या बायकासुद्धा जागच्या जागी थिजल्या. भरली ओटी परत करणं म्हणजे केवढा अपशकुन! वैरीणसुद्धा असं करत नाही.

“आजी, हे अडाणीपण आहे,” डॉक्टर म्हणाले. “ही लस सुरक्षित आहे. आम्ही शिकलेली माणसं आहोत, आमच्यावर विश्वास ठेवा.”

“इसवास काय सांभार हाये, मांगतला का देल्ला?” रंभाबाई म्हणाली. “मायाही पोरगा शिकल्यायवरच इसवास ठेवून गाडीत बसला होता. ह्या सुईत काय हाये ते सांगा. काहून देता, काय होते, नाई घेतली त काय होते, सारं सांगा.”

“सांगून तुम्हाला कळणार आहे का?”

“तुमाले सांगता येते काय, ते तं पाहू!”

आता डॉक्टरांचाही पारा चढला. पहिलं मूल कशानं गेलं, त्यांनी विचारलं. प्रेमिलानं खाली मान घालून सांगितलं. नाळेला काय लावलं होतं? शेणीची राख, ती म्हणाली. कोणी लावली? प्रेमिलानं सासूकडे पाहिलं.

“मग झालं तर,” डॉक्टर म्हणाले. “सटवाई वगैरे काही नाही. त्या राखेनं धनुर्वात झाला. तुमच्याच हातानं नातू दगावलाय, आजी.”

खरं बोलायलाही एक तऱ्हा लागते. डॉक्टरांकडं खरं होतं पण तऱ्हा नव्हती. रंभाबाईनं टेबलावरचा नारळ त्यांच्या हातात कोंबला आणि जीपकडे बोट दाखवलं. “निघा. ह्या गावात परत पाय ठेवाचा नाई.” जीप धुरळा उडवत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौशल्या म्हणाली, आपली वाघीन हाये वाघीन! पण वाघिणीला त्या दिवशी भाकर गेली नाही.

घरी आल्यावर प्रेमिलानं हळूच विचारलं, “आत्याबाई, राखेचं खरं अशीन काय हो?”

रंभाबाई तिच्यावर खेकसली. का खेकसली हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. राख तिनंच लावली होती. तिच्या सासूनं तिच्या लेकरांनाही तशीच लावली होती आणि ती जगली होती. आता ती चुलीपुढं बसली की राखेकडं पाहवेना. डॉक्टर खोटा असावा असं तिला फार वाटत होतं. तो खोटा निघाला तर तिचे हात सुटत होते. पण तो खरा असला तर? तर प्रेमिलाच्या पोटातलं हेही लेकरू आठव्या दिवशी जाणार होतं, आणि ते टाळ्या वाजवणारं गाव तेव्हा सांत्वनाला येणार होतं.

बाजाराच्या दिवशी टोपली रिकामी झाली तशी ती घराकडं न वळता थेट सरकारी दवाखान्यात गेली. पुष्पलताबाई एकट्याच होत्या, सुया उकळत होत्या. रंभाबाई त्यांच्यासमोर बसली.

“डॉक्टर बोलला ते खरं हाये काय?”

“हो,” पुष्पलताबाई म्हणाल्या. “राखेतून, शेणातून धनुर्वात जाते नाळेत. प्रत्येकच लेकराले होत नाई. ज्याले झाला त्याले वाचवनं मुश्कील.”

“तुमाले हे मालूम होतं?”

“होतं.”

“आनीबानीतबी मालूम होतं?”

“तवाबी.”

“मंग काहून नाई सांगतलं? मोटारी घेऊन गावोगाव फिरून राह्यले होते न तुमी लोक!”

पुष्पलताबाईंनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, “तवा आमाले नसबंदीच्या केसा आनाले लावलं होतं. केसा नाई आनल्या का पगार बंद. कोनाचं लेकरू कशानं मरते, हे ना आमाले वरून कोनी विचारलं, ना आमी कोनाले सांगतलं. चुकलं आमचं, रंभाबाई.”

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. रंभाबाई तर इतके दिवस ताकाचं भांडंच हातात धरायला तयार नव्हती. पण स्वतःची चूक अशी सरळ कबूल करणारी सरकारी बाई तिनं पहिल्यांदाच पाहिली. तिचा राग गेला नाही, पण ती जवळ सरकून बसली.

“मले टोचा पह्यले,” ती म्हणाली. “मी पाह्यते काय होते ते.”

पुष्पलताबाईंना हसू आलं. “तुमाले टोचून काय समजनार? तुमची कूस तं वयानंच बंद झाली. उगाच लोकायले दाखवाले नाटक कराचं असन तं टोचते.”

रंभाबाईही हसली. किडकं वांगं गोड बोलून खपवणारी ही बाई नव्हे, हे तिनं ओळखलं. मग पुष्पलताबाईंनी सगळं सांगितलं. दंड दुखेल, सुजेल, एखाद दिवस ताप येईल. महिन्यानं दुसरी सुई घ्यावी लागेल, एकीनं भागत नाही. पातं उकळून नाळ कापायची आणि वर काही म्हणजे काही लावायचं नाही. त्यांनी स्वतः पहिलटकरीण असताना हीच सुई घेतली होती, आणि त्यानंतर दुसरं लेकरूही झालं होतं.

“कुठं हायेत लेकरं?”

“घरी. मानेवाड्याले.”

रंभाबाई ऐकीव गोष्टीवर थांबणारी नव्हतीच. ती मानेवाड्याला जाऊन आली. पुष्पलताबाईंची दोन्ही कार्टी अंगणात एकमेकांचे केस ओढत भांडत होती. तिनं त्यांना डोळे भरून पाहिलं, थोरल्याला दोन शिव्या घातल्या आणि घरी आली.

ठरल्या दिवशी पुष्पलताबाई आल्या तेव्हा दारात माणसं जमली होती. सुई रंभाबाईच्याच चुलीवर, तिच्या डोळ्यांसमोर उकळत होती. कौशल्या म्हणाली, “तूही विकली गेली काय वं रंभाबाई? तुया भरवशावर आमी नाई म्हटलं न!”

“मी नाई म्हटलं ते माया डोक्यानं म्हटलं. आता हो म्हनते तेही माया डोक्यानं. तू आपलं डोकं चालव न!” रंभाबाई म्हणाली. “उद्या लेकरू गेलं तं तू आनून देशीन काय?”

कौशल्या तोंड वाकडं करून निघून गेली. पण खरी अडचण दारात उभी होती. रुपराव गोठ्यातून आला होता आणि उंबऱ्यात हात पसरून उभा होता.

“माय, मलेही सुईच म्हनून सांगतलं होतं.”

रंभाबाई त्याच्याजवळ गेली. “मालूम हाये, बाप्पा,” ती म्हणाली. “तुले कोनी विचारू देल्लं नाई. म्हनून तं मी इतकं विचारून राह्यली. सरक बाजूले.”

तो सरकला. पुष्पलताबाईंनी सुई दिली. रंभाबाईनं त्यांचा हात धरून ठेवला. “टोचून पळाचं नाई. दुसरी द्याले तुमीच येजा. न लेकरू झालं का आठव्या दिवशी इथं बसाचं. जे होईन ते माया तोंडासमोर होऊ द्या.”

गावानं तिच्याशी बोलणं टाकलं. विहिरीवर ती गेली की बायका घागरी उचलत. ओटी परत केलेल्या घरात पाळणा हलतो का पाहूच, असं कोणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं. तिनं ओरडून सांगितलं, “पाहाले या! पंगतीले पाट मांडते!” पण घरात शिरली की ती बोटांवर दिवस मोजत बसे.

महिन्यानं पुष्पलताबाई येऊन दुसरी सुईही देऊन गेल्या. पुढं प्रेमिलाला पोरगी झाली. नाळ उकळलेल्या पात्यानं कापली आणि रंभाबाई हात मागं बांधून उभी राहिली. जन्माची सवय होती, हात राखेकडं जात होते. आठव्या दिवशी पुष्पलताबाई सकाळीच येऊन बसल्या. रंभाबाई पोरीच्या तोंडाकडं नुसती पाहत होती. पोरगी झोपली, उठली, तोंड हे एवढं वासलं आणि आईला अशी लुचली की प्रेमिला कळवळली. असं दिवसभर चाललं. दुसऱ्या दिवशीही चाललं. तेव्हा कुठं रंभाबाई भिंतीला टेकून बसली आणि मेलेल्या नातवासाठी मोठ्यानं रडली.

बारशाला गाव आलं. यायचंच होतं, पोरगी पाहायची होती. आणि डॉक्टर वैरागडेही आले. त्यांना शेजारच्या गावांत लस द्यायची होती आणि रंभाबाईच्या शब्दाला आता वजन होतं.

“काय आजी,” ते म्हणाले, “आता तरी आमच्यावर विश्वास बसला ना?”

“पुष्पलताबाईवर बसला. तुमच्यावर नाई.”

रंभाबाईनं नातीला कडेवर घेतलं आणि गोठ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या रुपरावकडं हात केला. “हिले तुमची सुई लाभली, कबूल. मी गावोगाव सांगीन. पन हिच्या मोठ्या बाबाले हैजाची म्हनून कोनती सुई देल्ली? त्याच्याजवळ जा, न सांगा खोटं बोललो म्हनून. मंग मले इसवासाचं विचारा.”

“मी तेव्हा या भागात नव्हतो.”

“मीही त्या गाडीत नव्हती. भोगून तं मीही राह्यली न!”

डॉक्टर उठले. माणूस वाईट नव्हता. ते रुपरावपाशी गेले, हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले.

“जोरानं बोला साहेब,” रंभाबाई मांडवातून ओरडली. “सुई घ्या म्हनतांनी आवाज चांगला मोठा होता!”

डॉक्टर पुन्हा बोलले. “रुपराव, आमच्या लोकांनी तुम्हाला फसवलं. चुकलं आमचं.” शेवटच्या रांगेत बसलेल्या कौशल्येलाही या वेळी ते ऐकू गेलं. रुपराव जागच्या जागी खाली बसला आणि साऱ्या गावादेखत, तोंड न झाकता रडला.