शालूमावशीचे फायटर

शालूमावशी गेल्याचं मला आमच्या चाळीच्या नळावर कळलं. मी कॉलेजहून परतत होते. तिच्या भावजयीने, म्हणजे काकूंनी, कळशी भरता भरता सांगितलं, "मंदा, शालूताई गेल्या गं दुपारी. दवाखान्यातच." मग कळशी बाजूला ओढली आणि त्याच दमात म्हणाल्या, "आता त्या बाटल्यांचं काय करायचं ते तूच बघ बाई. मला तो पसारा नको घरात." मला रडू आलं नाही. राग आला. आता महिना उलटून गेला तरी तो तसाच आहे, आणि खरं सांगायचं तर तो जावा असं मला वाटतही नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. छापून येईल असं काही लिहायची सवय नाही, तेव्हा कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

शालूमावशी माझी सख्खी मावशी नव्हे, शेजारीण. मूळची मालवणकडची. लग्नानंतर वर्षाच्या आत नवऱ्याचं घर सोडून ती चिंचवडला भावाकडे, अण्णाकाकांकडे आली आणि एका कंपनीत पॅकिंग खात्यात लागली. एरवी आमच्यासारखंच बोलायची, पण डोकं फिरलं की थेट मालवणीत शिरायची. आणि तिचं डोकं वरचेवर फिरायचं. रविवारी ती पिंपरीच्या बाजारात मासळी घ्यायला जायची, तेव्हा मी सोबत असायची. बाजाराच्या तोंडाशीच रंगीत मासे आणि पोपट विकणारं एक दुकान नवीन उघडलं होतं. समोर दिवे लावलेल्या काचेच्या मोठ्या पेट्या, त्यात सोनेरी मासे, वर येणारे बुडबुडे... आणि खाली, पायाशी, अंधारात जामच्या रिकाम्या बाटल्यांची रांग. प्रत्येक बाटलीत एकच मासा. लांब पिसाऱ्यासारखे पर असलेला, निळा नाहीतर तांबडा. त्याला फायटर म्हणतात. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडतात, म्हणून हे असं वेगळं ठेवणं. त्या दिवशी एका बाटलीतला तांबडा मासा तळाशी आडवा पडला होता. परांच्या कडा कुजून झिरमिळ्या झालेल्या, पाणी पिवळं.

मावशी खाली बसली. बाटली उचलून उजेडात धरली.

"काय रे, ह्या पाणी आसा की पेज?"

दुकानदार हसला. "मौसी, ये फायटर है. ऊपर से हवा लेता है. इतनेसे पानी में भी जीता है."

"जगता नाय मेल्या, मरूक वेळ लावता!"

तो तिच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, "आप तो खाते हो मच्छी."

"खातंय. मासो खावक माझी ना नाय. खावचो तर मार आणि खा. असो कुजवून मारतंस कित्याक?"

आजूबाजूचे लोक हसले. मीही लाजून मान खाली घातली होती. मावशी मात्र एका हातात बांगड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पैसे मोजून घेतलेली ती बाटली छातीशी धरून बसमध्ये चढली. बाटली हिंदकळू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

तो मासा दुसऱ्याच दिवशी मेला. तिने दयेपोटी त्याचं सगळं पाणी एकदम काढून नळाचं ताजं पाणी ओतलं होतं, औषधाचा वास येणारं. पुढच्या काहींच्या बाबतीतही असंच काहीबाही चुकलं. कोणी सांगणारं नव्हतं, ती करून करून शिकली. पाणी बादलीत ठेवून शिळं करायचं, थोडंथोडंच बदलायचं. किंचित खडेमीठ. कंपनीच्या आवारातल्या देशी बदामाची वाळलेली पानं ती रुमालात बांधून आणायची आणि बाटल्यांत घालायची. गावच्या तळीत ही पानं पडली की पाणी चहासारखं व्हायचं आणि त्यातले मासे टुणटुणीत असायचे, एवढाच तिचा आधार. बाटल्यांच्या जागी मोठ्या बरण्या आल्या, त्यांच्यामध्ये पुठ्ठे, मासे एकमेकांना दिसू नयेत म्हणून. खाऊ म्हणून मोरीमागे एक बादली उघडी ठेवून त्यात डासांच्या अळ्या वाढवायची. हिवतापवाले आले की ती बादली ओतून द्यायचे, आणि ओतायलाच हवी होती म्हणा. पण मावशी त्यांच्याशी असं भांडायची की सगळी चाळ गॅलरीत यायची. "काय शालूताई, कधी तळणार?" असं कोणी ना कोणी विचारायचंच. "आधी तुका तळीन," हे तिचं उत्तर.

तिची खरी चिडचीड पुढे झाली. एका रविवारी दुकानदाराने तिला पाहताच खालून एक बाटली काढून फडक्याने पुसली. आत मासा जेमतेम कल्ले हलवत होता. "मौसी, आपके लिए रखा है." मावशीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. परतताना वाटेत ती म्हणाली, "कळलं तुला? बरा मासा दुसऱ्यांना, मरणारा मला. ह्या मेल्यान माझी कीव विकूक काढल्यान." त्यानंतर तिने त्याच्याकडून मासा घेणं बंद केलं. सोपं नव्हतं ते. तळाशी पडलेला मासा दिसायचा आणि ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची. पण रविवारी दुकानाच्या दाराशी उभं राहणं तिने सोडलं नाही. मुलाचा हात धरून कोणी फायटर घ्यायला आलं की विचारायची, "बरणी मोठी आहे का घरी? पाणी कोण बदलणार? ह्याला थंडी बाधते, माहीत आहे?" दुकानदार तिला पागल म्हणायचा. शेवटी त्याने पुढच्या रांगेत मोठ्या बरण्या मांडल्या आणि जामच्या बाटल्या मागच्या खोलीत नेल्या. एवढाच फरक पडला... अजूनही त्या तिथेच आहेत.

मग तापाचं निमित्त झालं आणि ती दवाखान्यात पडली. भेटायला येणारे कपाळाला हात लावायचे, "बिचारी" म्हणायचे आणि तिच्या देखतच तिचा संसार कसा झाला नाही ते बोलत बसायचे. मी गेले तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. वाटलं, काहीतरी मोठं सांगेल. म्हणाली, "निळ्याला दोन दिवस उपास घाल. पोट फुगलंय त्याचं." मी म्हटलं, "तुम्ही नका काळजी करू, मी बघते सगळं." ती म्हणाली, "सगळं नको. तेवढे मासे बघ."

ती गेल्यावर मी लगेच मासे आमच्याकडे आणणार होते. पण आई म्हणाली, "सुतकाच्या घरातली वस्तू आणायची न्हाई. दहावा होऊ दे, मग आण." मी ऐकलं. रोज त्यांच्याच खिडकीशी जाऊन पाणी बदलत राहिले. काकू मध्ये पडल्या नाहीत.

दहाव्याला आम्ही सगळे पवनेच्या घाटावर गेलो. पिंड मांडला. भिंतीवर कावळे होते, पण एकही शिवेना. ऊन चढलं. मग नेहमीचं सुरू झालं. एकेकाने पुढे व्हायचं आणि हात जोडून मेलेल्या माणसाला वचन द्यायचं. भाच्याचं शिक्षण करू. गावच्या देवीची ओटी भरू. जिवंतपणी तिला काय हवं हे एकानेही विचारलं नव्हतं, आता सगळे अंदाज करत होते. शेवटी अण्णाकाका पुढे आले. त्यांचे डोळे भरले होते. पिशवीतून त्यांनी झाकण लावलेली पितळी कळशी काढली. "शाले, तुझा जीव ह्यांच्यात अडकलाय ना? सगळ्यांना घेऊन आलोय. सोडतो नदीत. मोकळे करतो." बायकांनी पदर डोळ्याला लावले. कोणीतरी म्हणालं, "केवढं पुण्य."

सगळ्यांना. एका कळशीत.

मी झाकण काढलं. आत पाणी ढवळल्यासारखं दिसत होतं. वर परांचे तांबडे-निळे तुकडे तरंगत होते, ओल्या कागदासारखे. मी आजवर मोठ्या माणसांसमोर आवाज चढवलेला नाही, पण ओरडले. "काका, हे एकत्र ठेवायचे नसतात! ती पुठ्ठे का लावत होती बरण्यांमध्ये? एकदा तरी विचारलंत तिला?"

"अगं पण... तिच्यासाठीच करतोय मी."

"आणि नदीत? तो फेस बघा. त्यात तुम्ही हात तरी घालाल का?" कारखान्यांचं पाणी नदीत उतरायला लागल्यापासून तिथे कायम फेस असतो. आम्ही स्वतः घरून आणलेल्या पाण्याने पाय धुतले होते.

"मंदे, गप बस," आई मागून म्हणाली. गुरुजींनी विचारलं, "मुली, तू कोण त्यांची?" मी कळशी उचलली आणि वरच्या हॉटेलात जाऊन ग्लास मागितले. हॉटेलवाल्याने दिले. एकेक मासा वेगळा करत होते तेव्हा खाली गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी उठली. परतताना अण्णाकाका माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही नीट बोलत नाहीत. ते वाईट नाहीत हे मला कळतं, म्हणूनच जास्त संताप येतो. दुकानदाराला निदान ठाऊक होतं तो काय करतोय ते.

वाचला तो फक्त निळा. आता तो आमच्या खिडकीत आहे. परांच्या कडेला नवी, काचेसारखी पारदर्शक पट्टी फुटते आहे. परवा काकू आल्या, मावशीचा मुठीत मावणारा गोल आरसा माझ्या हातात ठेवला आणि गेल्या. तो आरसा मावशी वेणीफणीला कधीच वापरत नसे. आजारी मासा बरा होत आला की बरणीला लावून धरायची. आत दुसरा फायटर आहे असं वाटून मासा कल्ले फुलवतो, पर ताठ करतो, अंगावर धावून येतो. तसं झालं की ती म्हणायची, "राग आला ना? मग जगलास."

मी रोज कॉलेजला निघण्याआधी तो आरसा लावते. निळा जवळ येतो, स्वतःकडे बघतो आणि वळून पानाखाली जातो. अजून त्याला राग येत नाही. मी आरसा पुसून ठेवते, बरणीतलं थोडं पाणी काढते, थोडं शिळं पाणी घालते. रविवारी दुकानाच्या दाराशी उभी राहते. मावशीसारखं बोलायला मला जमत नाही... पण मुलाचा हात धरून आलेल्या माणसाला विचारते, "बरणी मोठी आहे का घरी?"