बाजाराच्या दिवशीची रिकामी गाडी

सन चव्वेचाळीस, अक्षय तृतीया, सकाळ. बोळात हजर: मी, लोणंद स्टेशनावरच्या नोकरीतून दोन दिवसांच्या रजेवर घरी आलेले आमचे हे, नवं फाटक घेऊन आलेला सुतार, आणि बोळाच्या मधोमध, आपल्या बैलगाडीच्या जुवावर बसलेली मागच्या घरची आत्या. गाडीला बैल नव्हते.

"आज फाटक, उद्या कुलूप, परवा भिंत," आत्या म्हणाली.

हे तिचं नेहमीचं. बोळात मी पापड वाळत घातले, तेव्हा "आज पापड, उद्या मांडव, परवा भिंत." तुळशीची कुंडी ठेवली, तेव्हा "आज कुंडी, उद्या कट्टा, परवा भिंत." सुरुवात कुठूनही होवो, शेवट भिंतीवर.

साताऱ्यातली आमची पेठ उतारावर. वर रस्त्याला लागून आमचं घर, दार मात्र बोळात; खाली आत्याचं. आमच्या घराच्या कडेने गाडी जाईल एवढा बोळ, आणि तिला बाहेर यायला तेवढीच वाट. जागा आमची, वहिवाट तिची. इतकं दोन्ही घरांना मान्य होतं. त्यापुढचं काहीच मान्य नव्हतं.

फाटक मला का हवं होतं, तेही सांगते. लढाईचे दिवस, जळण मिळायची मारामार. माझी रचून ठेवलेली लाकडं दोनदा गेली. संशय कुणावर, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. तिचीही एक कोंबडी गेली होती. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, हे ठाऊक असून ती चार दिवस आमच्या चुलीचा वास घेत हिंडली.

"आत्या, फाटकाची किल्ली तुम्हाला देते की," मी म्हणाले.

"किल्ली तुमी देनार म्हंजी कुलूप तुमचं."

"मग कुलूप तुम्ही आणा."

"आन् कडी कुनाची?"

सुतार हसला. आमचे हे चहा प्यायला आत गेले. फाटक तेवढ्यापुरतं भिंतीला टेकवून ठेवलं.

गाडी तिच्या मुलाची. तो पलटणीत लॉरी चालवायला गेला आणि बैल विकावे लागले. गाडी मात्र तिने ठेवली. पोरगा परत आला की तीच गाडी भाड्याने हाकणार, त्यावरच दोघांचं पोट. बोळ बंद झाला तर गाडी परसातच सडायची. म्हणून दर बाजाराच्या दिवशी कुणाचे तरी बैल मागून आणून ती रिकामी गाडी रस्त्यापर्यंत काढायची आणि परत न्यायची.

"रिकामी का असंना, गाडी गेली पायजे. वाट मोडली तर पोरगं आल्यावर कुठनं हाकंल?"

जाताना समोरच्या शिंप्याला मोठ्याने हाक मारायची. तो साक्षीदार. मी त्या वेळी दार लावून घेत असे. मला साक्षीला उभं राहायचं नव्हतं.

त्या दिवाळीच्या सुमाराला एका बाजाराला तिला बैल मिळाले नाहीत. बाई स्वतःच जू धरून निघाली. चढावर, बरोबर आमच्या दारासमोर, गाडी अडकली. चाकाला धोंडा लावून आत्या घाम पुसत उभी.

"बाई, जरा हात लावा."

"तुमच्या हक्काची गाडी मी ढकलू?"

"नका ढकलू. ऱ्हाऊ द्या हितंच. मला काय घाई न्हाई." आणि खालीच बसली.

मला घाई होती. दळण, रेशनची साखर, मग धोबी. दारातून बाहेर पडायला जागा नव्हती. पदर खोचला आणि ढकलली. रस्त्यावर आल्यावर तिने आधी शिंप्याला हाक मारली, मग श्वास घेतला.

"बगितलंस न्हवं रं? बाईंनी काढली. आता कुनाला न्हाई म्हनता यायचं न्हाई."

मला फसवलं होतं. पण उतारावर गाडी तिच्या एकटीच्या हातून सुटली असती, म्हणून परत नेतानाही मागून मीच धरून होते.

लढाई संपली. मुलगा धडधाकट परत आला. बोळात उभा राहून त्याने दोन्ही हात पसरले आणि हसला. "आये, लारी शिरायची न्हाई हितं. गाडी कोन हाकतंय आता?" त्याला सांगलीत एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे लॉरीवर काम मिळालं होतं.

आत्याने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"भिंत सरकावलीसा का वो?"

"आत्या, होता तेवढाच आहे बोळ."

तिचा विश्वास बसला नाही. गाडीच्या चाकांकडे, भिंतीकडे, पुन्हा चाकांकडे बघत राहिली.

मायलेक सांगलीला जायच्या दिवशी टांग्यात सामान चढलं आणि ती तेवढ्यात माघारी आली. परसाच्या दाराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"बाजारच्या दिशी गाडी येकदा भाईर काढत जावा."

"मी? तुमचं भांडण माझ्याशीच ना?"

"म्हनून तर. तुमी काढली तर खोटं कोन म्हनंल? लारी दुसऱ्याची, बाई. उद्या काढून घेटली, तर पोरगं यील कुठं?"

"किल्ली तुमची, म्हणजे कुलूपही तुमचं," मी म्हणाले.

"माजंच हाय. किल्ली निस्ती ठिवा." आणि जाता जाता फाटकाकडे एक नजर टाकून गेली.

हा डाव होता, असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. माझी वाट माझ्याच हातांनी तिच्या नावे चालू ठेवायची, याला दुसरं काय म्हणायचं?

आत्या सांगलीतच वारली. मुलगा सांगायला आला, तेव्हा म्हणाला, "गाडी फोडून जळणाला घ्या, मावशी." मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

बाजाराच्या दिवशी शिंपी जुवाला लागतो, मी मागे. मी त्याला हाक मारत नाही, तो आपणच येतो. फाटक अजून भिंतीला टेकलेलं आहे. खालची फळी पावसाने काळी पडली. अक्षय तृतीयेला सुतार विचारून जातो. यंदाही आला, हत्यारं घेऊनच.

"बाई, आता कोन हाय अडवायला? बसवू का?"

"आज नको," मी म्हणाले. "आज बाजार आहे. गाडी जायचीय."